अलेक्सांद्र गालिच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गालिच हा कोण?

विसाव्या शतकातला रशियन नाटककार, पटकथाकार आणि उतारवयाकडे झुकताना हातात गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणू लागलेला कवी. जन्म १९१८, मृत्यू १९७७. आयुष्यातला मोठा काळ तो सोव्हिएत व्यवस्थेतला यशस्वी, सुखवस्तू लेखक होता. नाटकं देशभर चालत होती, सिनेमे गाजत होते, मॉस्कोत लेखकांच्या सोसायटीत फ्लॅट होता. मग चव्वेचाळिशीत त्यानं गाणी लिहायला घेतली आणि पुढच्या बारा वर्षांत यातली एकेक गोष्ट हातातून गेली. नाटकं गेली, पडद्यावरचं नाव गेलं, सरकारमान्य लेखक संघाचं सभासदत्व गेलं, शेवटी देश गेला. गाणी राहिली.

नावाचा उच्चार काय? आणि ते खरं नाव आहे का?

‘गालिच’ म्हणा. गालिच्याशी संबंध नाही, हा विनोद प्रत्येक जण एकदा करतोच. खरं नाव अलेक्सांद्र अर्काद्येविच गिन्झबुर्ग. आडनावातला ‘ग’, नावातलं ‘आल’ आणि वडिलांच्या नावावरून आलेल्या मधल्या नावाच्या शेवटचं ‘इच’ जोडून हे टोपणनाव झालं. रशियात गालिच नावाचं एक जुनं गावही आहे आणि महाकवी पुश्किनच्या शाळेत त्याला साहित्य शिकवणारे एक गालिच मास्तर होते. पुश्किनवर जीव असलेल्या माणसाला तेही मनातून आवडलं असणार.

एक घोटाळा मात्र टाळा. अलेक्सांद्र गिन्झबुर्ग नावाचा दुसराही एक गाजलेला सोव्हिएत बंडखोर होऊन गेला. साठच्या दशकात टंकलिखित कवितांचं मासिक काढून तुरुंगात गेलेला तो हाच असं समजून अनेक जण दोघांची चरित्रं मिसळतात. ती दोन वेगळी माणसं.

लहानपण कुठे गेलं?

जन्म येकातेरिनोस्लावचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं द्निप्रो. घर सुशिक्षित ज्यू कुटुंबाचं. वडील अर्थतज्ज्ञ, आई संगीत विद्यालयात काम करणारी, काका साहित्याचे प्राध्यापक. काही काळ सेवास्तोपोलला काढून कुटुंब १९२३ साली मॉस्कोत आलं आणि क्रिवोकोलेन्नी गल्लीतल्या एका जुन्या वाड्यात राहू लागलं. हा वाडा कवी वेनेवितिनोवचा. १८२६ साली पुश्किननं ‘बोरिस गोदुनोव’ हे नाटक मित्रांना इथल्याच दिवाणखान्यात वाचून दाखवलं होतं. क्रांतीनंतर दिवाणखान्यात फळ्या मारून बिऱ्हाडं पाडली गेली होती, त्यांतलं एक बिऱ्हाड गिन्झबुर्गांचं. १९२६ मध्ये त्या वाचनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा काकांच्या पुढाकारानं तिथेच स्मरणसंध्या झाली. पोरगा आठ वर्षांचा होता. एका खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली आहेत आणि एक जण आपलं लिहिलेलं मोठ्यानं म्हणून दाखवतो आहे, हे दृश्य त्याच्या आयुष्यात पुढे फार वेळा येणार होतं.

तो नट होता म्हणतात, खरं का?

शिकला नटाचंच. शाळा अर्धवट सोडून साहित्य संस्थेत आणि थोर नाट्यगुरू स्तानिस्लावस्कीच्या शेवटच्या स्टुडिओत अशा दोन्हीकडे प्रवेश मिळवला, मग साहित्य सोडून नाटक धरलं. प्रवेशपरीक्षेच्या कागदावर लिओनिदोव या थोर नटानं शेरा मारला होता की याला घ्या, नट व्हायचा नाही, पण काहीतरी होईल. हा शेरा गालिचनं नंतर स्वतः पाहिला आणि त्याला तो चांगलाच झोंबला.

पुढे तो नाटककार आर्बुझोव आणि दिग्दर्शक प्लुचेक यांच्या तरुण मंडळींच्या स्टुडिओत गेला. तिथे सगळ्या नटांनी मिळून ‘पहाटेचं शहर’ नावाचं नाटक रचलं. अमूर नदीकाठी कोम्सोमोलच्या, म्हणजे कम्युनिस्ट युवक संघटनेच्या, तरुणांनी नवं शहर उभारलं, त्याची ती गोष्ट. १९४१ च्या फेब्रुवारीत प्रयोग झाला, जूनमध्ये युद्ध आलं. स्टुडिओतली काही मुलं आघाडीवरून परतली नाहीत. गालिचला जन्मजात हृदयविकार असल्यामुळे सैन्यानं घेतलं नाही. त्यानं आघाडीवर फिरणाऱ्या नाटक कंपनीत काम केलं. बऱ्याच वर्षांनी आर्बुझोवनं हे सगळ्यांनी मिळून लिहिलेलं नाटक एकट्याच्या नावानं छापलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आर्बुझोव पुन्हा येणार आहे.

नाटककार म्हणून तो किती मोठा होता?

लोकप्रिय म्हणाल तर खूपच. कोन्स्तांतिन इसायेवबरोबर लिहिलेली ‘तैमीरचा फोन आहे’ ही १९४८ ची विनोदी नाटिका देशभरच्या नाट्यगृहांत वर्षानुवर्षं चालली. एका हॉटेलात अडकलेली माणसं आणि त्यांचे गोंधळ, असा हलकाफुलका मामला. याच जोडीनं लिहिलेला ‘खरे मित्र’ हा कालातोझोवचा सिनेमा १९५४ साली आला. तीन जुने दोस्त तराफ्यावरून नदीनं सहलीला निघतात. कार्लोव्ही व्हारी महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि आजही रशियन घरांत तो आवडीनं पाहिला जातो. साठच्या दशकात रोस्तोत्स्की, र्‍याझानोव अशा दिग्दर्शकांसाठीही त्यानं पटकथा लिहिल्या.

खरं सांगायचं तर यांतलं बरंचसं लेखन सराईत आहे, महान नाही. पण संवादाचा कान तयार झाला तो इथे. कोण कसं बोलतो, कार्यालयातला माणूस कोणती छापील वाक्यं घोकतो, दारू चढल्यावर तीच वाक्यं कशी वाकडी होतात, हे पुढच्या गाण्यांत जे दिसतं ते या पंधरा वर्षांच्या धंदेवाईक नाटकलेखनाचं फळ.

मग बिनसलं कुठे?

एका रंगीत तालमीत.

‘मात्रोस्काया तिशिना’ हे त्याचं मनापासून लिहिलेलं नाटक. हे मॉस्कोतल्या एका रस्त्याचं नाव आहे, अक्षरशः अर्थ घेतला तर ‘खलाशांची शांतता’. (त्याच रस्त्यावर याच नावाचा तुरुंग आहे, पण नाटक तुरुंगाबद्दल नाही.) तुलचिन नावाच्या छोट्या गावातला अब्राम श्वार्त्स हा गोदामातला ज्यू कामगार. पितो, किरकोळ लबाड्या करतो आणि मुलगा दाविद मोठा व्हायोलिनवादक होईल या एका स्वप्नावर जगतो. मुलगा मॉस्कोला शिकायला जातो. बाप न कळवता वसतिगृहावर येऊन उभा राहतो आणि शिकलेल्या पोराला मित्रांसमोर त्याची लाज वाटते. मग युद्ध येतं. नाझी बापाला मारतात. जखमी दाविद इस्पितळाच्या आगगाडीत पडलेला असतो, तिथे मेलेला बाप त्याला भेटायला येतो.

१९४५-४६ च्या सुमाराला लिहायला घेतलेलं हे नाटक बासनात गेलं, कारण लवकरच ‘मायदेश नसलेल्या विश्वनागरिकां’विरुद्ध म्हणून जी मोहीम सुरू झाली ती मुख्यतः ज्यू लेखक-कलावंतांवर होती. स्टालिन गेला, १९५६ साली ख्रुश्चोवनं स्टालिनच्या अत्याचारांवरचं ते गाजलेलं भाषण केलं, आणि गालिचनं नाटक पुरं केलं. ‘सोव्रेमेन्निक’ हा तरुणांचा नवा संच तेव्हा उभा राहत होता. त्यांनी ते बसवायला घेतलं. येफ्रेमोव दिग्दर्शक, येव्स्तिग्नेयेव बापाच्या भूमिकेत. १९५८ साली रंगीत तालीम झाली. प्रेक्षागृहात मोजकी माणसं, त्यांत परवानगी देणारे अधिकारी. लेखी बंदीहुकूम कुणी काढला नाही. प्रयोग होणार नाही, एवढंच कळलं. नंतर एका पक्षाधिकारी बाईंनी गालिचला स्पष्टच विचारलं की मॉस्कोच्या मध्यावर, तरुणांच्या नाट्यगृहात, युद्ध ज्यूंनी जिंकलं असं सांगणारं नाटक चालावं अशी तुमची इच्छा आहे का.

या एका दुपारवर गालिचनं पुढे पुस्तकच लिहिलं, नाव ‘रंगीत तालीम’. एकीकडे नाटकाची संहिता, मधेमधे अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसलेल्या लेखकाच्या आठवणी. रंगीत तालीम हे नावही किती नेमकं! वेशभूषा झाली, दिवे लागले आणि पहिला प्रयोग कधी झालाच नाही.

पण ‘यानंतर तो बंडखोर झाला’ असं लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. यानंतर तो पुन्हा पटकथा लिहायला बसला. आणखी काही वर्षं सगळं पूर्वीसारखं चाललं.

गाणी कधी सुरू झाली?

१९६२ मध्ये, मॉस्को-लेनिनग्राद रात्रीच्या गाडीत. झोप येईना म्हणून त्यानं ‘लेनोच्का’ लिहिलं. लेनोच्का ही रहदारी सांभाळणारी पोलीस मुलगी. इथिओपियाहून आलेला राजबिंडा पाहुणा मोटारीतून जाताना तिच्यावर भाळतो आणि तिची राणी करतो. सरकारी भाषेत सांगितलेली परीकथा. लिहून झाल्यावर आपल्या हाती काहीतरी लागलंय हे त्याला कळलं.

सोबतीला सात तारांची रशियन गिटार. वादन बेताचं, आवाज जाडसर, मुरलेल्या नटाचा. चाल म्हणजे पुष्कळदा बोलण्याला दिलेला ठेका. जुन्या पिढीतला गायक वेर्तिन्स्की त्याच्या ओळखीचा आणि आवडीचा होता. गाण्यात छोटं नाट्य उभं करण्याची कला तिथूनही आली असावी.

ही गाणी राजकीय घोषणा आहेत का?

नाहीत, आणि हा सगळ्यांत मोठा गैरसमज. बहुतेक गाणी म्हणजे एकपात्री नाटुकली आहेत. नाट्यगृहाचं दार बंद झालं, तेव्हा त्यानं नाटक दिवाणखान्यात आणलं.

क्लिम पेत्रोविच घ्या. हा कारखान्यातला आदर्श कामगार, अनेक गाण्यांत येणारा. सुट्टीच्या दिवशी त्याला मोटारीत घालून शांतता सभेत भाषणाला नेतात आणि वाटेत कागद हातात देतात. तो व्यासपीठावर चढून ठणठणीत आवाजात वाचू लागतो आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात येतं की आपण स्वतःला ‘एक आई आणि एक स्त्री या नात्यानं’ म्हणतोय. गडबडीत भलत्याच वक्त्याचा कागद आलाय. घाम फुटतो. थांबावं तर पंचाईत. समोर पाहतो तर सभागृहात एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही. कुणी हसत नाही, कारण कुणी ऐकतच नाही. तो शेवटपर्यंत वाचतो आणि पक्षाचे पहिले सचिव टाळ्या वाजवतात. यात सरकारविरुद्ध एक शब्द नाही. पण हे एकदा ऐकलेल्या माणसाला पुढच्या सभेत गंभीर चेहऱ्यानं बसणं जड गेलं असणार.

दुसरं एक गाणं नवऱ्याच्या तोंडी. बायको, कॉम्रेड पारामोनोवा, मोठ्या पदावर. ती परदेशी गेलेली असताना यानं बाहेर भानगड केली, आणि हे प्रकरण पक्षाच्या सभेत विषयपत्रिकेवर आलं. आधी घाना देशाबद्दलचा ठराव, मग याच्या चारित्र्याचा विषय. सभागृहातून ओरडा होतो, तपशील सांग, तपशील! माणूस विनोदी आहे, केविलवाणा आहे, आणि आपण हसता हसता त्याच्या बाजूनं कधी गेलो ते कळत नाही.

आणि मग ‘ढग’. खानावळीत बसून कोन्याक पिणारा एक म्हातारा. वर ढग चाललेत, उबदार, सावकाश, अबाकानकडे, सैबेरियात. वीस वर्षं सक्तमजुरीच्या छावणीत गोठलेल्या या माणसाला आता पेन्शन मिळतं, समोर कोंबडी आहे, आणि त्याची नजर ढगांच्या मागे तिकडेच जाते. गालिचचं हेच सगळ्यांत चांगलं गाणं, असं माझं मत. वाद घालायला हरकत नाही.

सरळ बोलणारी गाणीही आहेत. ‘सोनं शोधणाऱ्यांचं वॉल्ट्झ’ मध्ये तो गप्प बसण्याबद्दल बोलतो. गप्प राहा, वर चढशील, आणि गप्प राहता राहता एक दिवस फाशी देणाऱ्यांत जाऊन बसशील. हे लिहिणारा माणूस स्वतः कित्येक वर्षं गप्प राहून वर चढला होता, म्हणून ते उपदेशासारखं वाटत नाही.

रेकॉर्ड निघाली नाही, रेडिओवर नाही, छापलं नाही. मग लोकांपर्यंत गेली कशी?

टेपरेकॉर्डरवर. सोव्हिएत युनियनमध्ये छपाईयंत्रावर सरकारी कुलूप होतं, पण स्पूलवाला टेपरेकॉर्डर दुकानात मिळत असे. गालिच कुणाच्या तरी घरी जायचा, टेबलावर काहीतरी खायला-प्यायला, आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं, समोर माइक. त्या टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रतीची प्रत होत जाते तसा आवाज खरखरीत होतो आणि शब्द ऐकायला कान लावावा लागतो. लोक लावत. जुन्या टेपवर मधेच कपबशी वाजते, कुणी खोकतं, तेही आता गाण्याचा भाग झालंय.

हाताने टंकलेल्या साहित्याला ‘सामिझ्दात’ म्हणत, त्यावरून या टेपप्रकाराला ‘माग्नितिझ्दात’ नाव पडलं. गालिचनं या दोन्ही साधनांवर गाणंही केलं. एरिका टाइपरायटरवर कार्बन लावून चार प्रती निघतात, घरी ‘याउझा’ टेपरेकॉर्डर आहे, तेवढं पुरे, असा त्याचा आशय.

तो स्वतः छावणीत होता का?

नाही. एक दिवसही नाही. छावण्यांत अनेक वर्षं काढून आलेला त्याचा एक चुलतभाऊ होता. परत आलेल्या इतरांकडूनही त्यानं पुष्कळ ऐकलं होतं. पण गाण्यांतला ‘मी’ इतका खरा वाटायचा की लोक गृहीत धरत. १९६९ साली फ्रँकफुर्टच्या ‘पोसेव’ प्रकाशनानं त्याच्या नकळत गाण्यांचं पुस्तक काढलं, त्यात तर तो छावणीत राहून आल्याचं चक्क छापलं होतं. मॉस्कोतल्या अधिकाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं.

नाटककार दुसऱ्याच्या तोंडून बोलतो, हा त्याचा धंदाच. युद्धावर न गेलेला विसोत्स्की हा दुसरा गाणारा कवी युद्धाची गाणी म्हणायचा आणि आघाडीवरून आलेले सैनिक त्याला आपल्यातला समजायचे. तसंच हे.

नोवोसिबिर्स्कची मैफल एवढी गाजली ती का?

कारण मायदेशात भर सभागृहात, जाहीरपणे झालेली ती त्याची एकमेव मोठी मैफल. नोवोसिबिर्स्कजवळ अकादेमगोरोदोक नावाची शास्त्रज्ञांची वसाहत आहे. तिथल्या ‘इंटिग्रलखाली’ या मजेदार नावाच्या क्लबनं मार्च १९६८ मध्ये गाणाऱ्या कवींचा महोत्सव भरवला. गालिचनं ‘डॉक्टर झिवागो’ लिहिणाऱ्या पास्तरनाकवरचं गाणं म्हटलं. पास्तरनाकला नोबेल मिळाल्यावर १९५८ साली लेखक संघानं हाकललं, १९६० साली तो वारला. त्या गाण्यात गालिच स्वतःसकट सगळ्या लेखकांना झोडतो. तो निदान स्वतःच्या अंथरुणात मेला याचाच आम्हाला, हलकटांना, केवढा अभिमान! आणि मग तो बजावतो की त्या सभेत कोणी कोणी हात वर केला, ते आम्ही एकेकाचं नाव घेऊन आठवू.

गाणं संपलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. काही क्षण टाळ्याही नाहीत. त्याला पुश्किनच्या लेखणीची चांदीची प्रतिकृती आणि मानपत्र देण्यात आलं. पुढच्याच महिन्यात स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्यावर जहरी लेख आला आणि क्लबही बंद पडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. २२ तारखेला गालिचनं ‘पीटर्सबर्ग रोमान्स’ लिहिलं. विषय १८२५ सालच्या डिसेंबरात झारविरुद्ध झालेल्या बंडाचा, पण प्रश्न थेट आजचा : ठरलेल्या वेळी चौकात जायची तुझी छाती आहे का? तीन दिवसांनी, २५ ऑगस्टला, आठ माणसं लाल चौकात फलक घेऊन बसली आणि काही मिनिटांत पकडली गेली. गाणं ऐकून ती गेली असं कुणी म्हणू नये. पण प्रश्न हवेत होता आणि त्याला चाल गालिचनं दिली होती.

हकालपट्टी नेमकी कशामुळे झाली?

निमित्त म्हणून एक किस्सा सांगतात. पॉलिटब्युरोचा, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचा, सदस्य पोल्यान्स्की याच्या मुलीचं लग्न मॉस्कोच्या तागांका थिएटरच्या एका तरुण नटाशी झालं. लग्नघरात तरुण मंडळींनी गालिचच्या टेपा लावल्या, मंत्रिमहोदयांनी त्या प्रथमच ऐकल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन फिरले. किस्सा रंगवलेला असेल, पण टेप तोवर पॉलिटब्युरोच्या घरात पोचली होती हे त्यातून कळतं. परदेशात छापलेलं पुस्तक होतंच. शिवाय १९७० च्या अखेरीस, भौतिकशास्त्रज्ञ साखारोव आणि इतर दोघांनी काढलेल्या मानवी हक्क समितीनं कादंबरीकार सोल्झेनित्सिनबरोबर गालिचलाही जोडून घेतलं होतं.

२९ डिसेंबर १९७१ रोजी लेखक संघाच्या मॉस्को शाखेच्या बैठकीत विषय आला. इथे आर्बुझोव परत येतो. तो उठून म्हणाला की गालिच हा लुटारू आहे, कधी छावणीत न गेलेला माणूस दुसऱ्यांचं दुःख लुटून गातो. सगळ्यांनी मिळून लिहिलेलं नाटक स्वतःच्या नावावर करणाऱ्याच्या तोंडी हा शब्द! गालिचनं हे ‘रंगीत तालीम’मध्ये नोंदवून ठेवलंय, आणि फार आवाज न चढवता.

तरी एक गोष्ट आर्बुझोवच्याही खात्यावर टाकायला हवी. पहिल्या फेरीत हकालपट्टीला साथ न देणारे चौघे होते : कतायेव, बालकवयित्री बार्तो, रेकेमचुक आणि स्वतः आर्बुझोव. कडक ताकीद पुरे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग वरून एकमतच हवं आहे असं समजावण्यात आलं, पुन्हा हात वर झाले आणि ठराव एकमतानं संमत झाला. पास्तरनाकच्या गाण्यातले हात, तेरा वर्षांनी, गाणाऱ्यासाठीच. फेब्रुवारी १९७२ मध्ये सिनेकलावंतांच्या संघानंही काढून टाकलं.

त्यानंतर अडीच वर्षं जगला कशावर?

पुस्तकं विकून, दुसऱ्याच्या नावानं लिहून आणि घरगुती मैफलींत मित्र जमवून देत त्या पैशांवर. हृदयविकाराचा आणखी एक मोठा झटका आला, अपंगत्वाची तुटपुंजी पेन्शन लागली. जुन्या सिनेमांच्या श्रेयनामावलीतून त्याचं नाव गाळलं जाऊ लागलं. उंची कपडे, चांगलं खाणंपिणं, मैत्रिणी, मद्य यांचा शौक असलेला हा रुबाबदार माणूस. त्याच्या ओळखीच्यांना वाटायचं, दोन महिन्यांत माफीचं पत्र लिहील. नाही लिहिलं. याचं उत्तर मला कुठल्याच चरित्रात नीट सापडलेलं नाही, आणि गालिचकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते बहुधा त्यामुळेच.

ज्यू होता ना? मग ख्रिस्ती अंत्यसंस्कार कसे?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फादर अलेक्सांद्र मेन यांच्याकडून त्यानं ऑर्थोडॉक्स पंथाचा बाप्तिस्मा घेतला. मेन स्वतःही जन्मानं ज्यू. त्याच सुमारास, १९७० मध्ये, त्यानं ‘कद्दिश’ लिहिलं होतं. कद्दिश ही ज्यूंची मृतांसाठीची प्रार्थना. हे दीर्घकाव्य यानुष कोर्चाक या पोलिश डॉक्टरला वाहिलेलं आहे, जो १९४२ साली वॉर्सातल्या अनाथ मुलांबरोबर त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत मरायला गेला, स्वतः सुटू शकत असताना. (आपल्यासाठी एक तपशील : त्याच्या काही दिवस आधी कोर्चाकनं त्या मुलांकडून रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ करवून घेतलं होतं.) गालिचला या दोन गोष्टींत विरोध वाटत नव्हता. दोन्हीकडच्या कर्मठांना मात्र वाटला.

देश सोडला की काढलं?

सही त्याची, निर्णय त्यांचा. गेलास तर जा, नाहीतर पुढे काय होईल सांगता येत नाही, असा एकूण सूर. २५ जून १९७४ रोजी तो आणि पत्नी अंगेलिना विमानात बसले. ऑक्टोबरमध्ये त्याची आधी छापलेली सगळी पुस्तकं सोव्हिएत ग्रंथालयांतून बाद झाली. आपल्याकडे त्या काळी स्वस्तात मिळणाऱ्या, गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत पुस्तकांवर एक पिढी वाढली. त्यांत गालिच का नव्हता, याचं उत्तर इथे आहे.

‘मी परत येईन तेव्हा’ हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध गाणं परदेशात लिहिलेलं आहे असं बहुतेकांना वाटतं. ते त्यानं मॉस्कोतच लिहिलं, १९७३ च्या अखेरीस, निघण्याच्या कित्येक महिने आधी. परतीचं गाणं घरात बसून लिहिलेलं. त्यात फेब्रुवारीत नाइटिंगेल पक्षी गाऊ लागतात, म्हणजे जे होत नाही ते होतं. परत यायचं नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

परदेशात काय केलं?

आधी नॉर्वे. तिथे पहिली तबकडी निघाली, ‘कुजबुजलेली किंकाळी’. मग म्युनिकला, सोव्हिएत श्रोत्यांसाठी रशियनमध्ये प्रसारण करणाऱ्या रेडिओ लिबर्टीत नोकरी, स्वतःचा कार्यक्रम. आता त्याचा आवाज लघुलहरींवरून, सरकारनं मुद्दाम घातलेल्या खरखराटातून वाट काढत मायदेशी जायचा. मग पॅरिस. इस्रायल, इटली आणि इतरत्र मैफली झाल्या. शेवटची व्हेनिसला, डिसेंबर १९७७ च्या सुरुवातीला. श्रोते उभे राहून टाळ्या देत, पण त्यांतल्या पुष्कळांना क्लिम पेत्रोविच समजावून सांगावा लागे. विनोद समजावून सांगावा लागला की काय होतं ते नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

त्याचा खून झाला का?

१५ डिसेंबर १९७७. पॅरिसच्या घरी नवा ग्रुंडिग संगीतसंच आला होता. पत्नी थोड्या वेळासाठी बाहेर गेली. गालिच अँटेना जोडू लागला, ती चुकीच्या ठिकाणी गेली आणि विजेचा धक्का बसला. दुबळ्या हृदयाला तो सोसला नाही. वय ५९. फ्रेंच पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं.

केजीबीचा हात होता ही शंका त्याच आठवड्यात सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. कुटुंबातल्या काहींचाही अपघातावर विश्वास बसला नाही. पण पुरावा म्हणावा असं काही पुढे आलेलं नाही. शंका घेणाऱ्यांना हसू नका, त्या काळात अशा शंका खऱ्याही ठरल्या आहेत. मात्र खून झालाच असं छातीठोक लिहिणाऱ्यांवरही विसंबू नका. टेपरेकॉर्डरनं मोठा केलेल्या माणसाचा जीव संगीतसंचानं घेतला, हे योगायोग म्हणूनही पुरेसं भयंकर आहे. पॅरिसजवळ सेंत-जेनेव्हिएव्ह-दे-ब्वा इथे रशियन दफनभूमीत त्याची कबर आहे.

ओकुद्झावा, विसोत्स्की आणि गालिच यांत श्रेष्ठ कोण?

हा प्रश्न रशियनांना विचारा आणि रात्र घालवा. ओकुद्झावा मृदू, चालीला गोड, युद्धावरून आलेला. विसोत्स्की म्हणजे घसा फोडून गाणारा नट, सगळ्या देशाचा लाडका. गालिच तिघांत वयानं थोरला, चालीत गरीब, शब्दांत सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत कडू. त्याचे चाहते तुलनेनं कमी आणि जास्त हट्टी. कोर्नेई चुकोव्स्की या वृद्ध लेखकानं गालिचची गाणी ऐकून त्याला स्वतःचं पुस्तक भेट दिलं, त्यावर पुश्किनची ओळ लिहून : मोझार्ट, तू देव आहेस, आणि तुला ते माहीत नाही.

रशियन येत नसेल तर ऐकून उपयोग काय?

भाषांतर समोर ठेवून ऐका. आधी ‘ढग’, मग ‘लेनोच्का’, मग क्लिम पेत्रोविच. पास्तरनाकचं गाणं नंतर, नाहीतर नावांच्या जंजाळात अडकाल. स्टुडिओतल्या स्वच्छ रेकॉर्डपेक्षा मॉस्कोतल्या घरगुती टेपा शोधा. त्यांत श्रोते कुठे हसतात आणि कुठे एकदम चिडीचूप होतात ते ऐकू येतं. भाषा न येताही बरंच कळतं.

तो परत आला का?

गाणी आली. १९८८ साली दोन्ही संघांनी हकालपट्टीचे ठराव मागे घेतले, १९९३ मध्ये नागरिकत्व मरणोत्तर परत मिळालं. मॉस्कोत तो राहायचा त्या लेखक सोसायटीच्या इमारतीवर पाटीही लागली.

आणि ते नाटक? ‘सोव्रेमेन्निक’ सुरू करणाऱ्या तरुण नटांत ओलेग ताबाकोव होता. तीसेक वर्षांनी त्याचं स्वतःचं नाट्यगृह झालं, तेव्हा त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ‘मात्रोस्काया तिशिना’ बसवलं. म्हाताऱ्या अब्रामचं काम व्लादिमिर माश्कोव या विशी-पंचविशीतल्या पोराला दिलं. याच माश्कोवनं पुढे, २००४ साली, याच नाटकावर ‘पापा’ हा सिनेमा काढला आणि त्यातही तोच बाप झाला. वसतिगृहाच्या दारात गावाकडचा बाप उभा आहे आणि मुलगा त्याच्याकडे बघत नाही, हा प्रसंग दोन्हींत आहे. १९५८ च्या त्या दुपारी तो येव्स्तिग्नेयेवनं कसा केला असेल, हे तेव्हा हजर असलेल्या मोजक्या माणसांनाच माहीत होतं.